समुद्राची वंशावळ

(सागरी जीवांच्या रक्षणात जनुकशास्त्राचे साहाय्य कसे होते, या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



महाराष्ट्रातील अनेक जुन्या देवळांत सभामंडपात पाऊल टाकले की गाभाऱ्याआधी जमिनीवर कोरलेले दगडी कासव भेटते. भाविक क्षणभर वाकून त्याला हात लावतात आणि मगच पुढे जातात. आजच्या विषयाच्या उंबरठ्यावरही एक कासव आहे. ते दगडाचे नाही, जिवंत आहे. आणि त्याच्या अंगावर एक क्रमांक आहे.

२७ जानेवारी २०२५ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागरच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची एक मादी अंडी घालण्यासाठी वर आली. अशा माद्या कोकणात दर हंगामात येतात. त्यात नवल नव्हते. नवल होते ते तिच्या वल्ह्यासारख्या पायावरील धातूच्या पट्टीचे. पट्टीवर ०३२३३ हा क्रमांक होता. नोंदी तपासल्या गेल्या तेव्हा आढळले की, भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या शास्त्रज्ञांनी ती पट्टी १८ मार्च २०२१ रोजी ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर बसविली होती. पूर्व किनाऱ्यावर अंडी घालणारी मादी किमान साडेतीन हजार किलोमीटर समुद्र कापून पश्चिम किनाऱ्यावर अंडी घालत होती. गुहागरला तिने घातलेल्या १२० अंड्यांतून १०७ पिल्ले बाहेर पडली.

वृत्तपत्रांनी या प्रवासाचे कौतुक केले आणि ते रास्तच होते. परंतु खरा प्रश्न प्रवासाच्या पलीकडचा आहे. ओडिशाची कासवे आणि कोकणची कासवे एकाच कुळातील की वेगवेगळ्या कुळांतील? हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नव्हे. कूळ एकच असेल, तर कोकणात घटलेली संख्या पूर्वेकडून येणाऱ्या कासवांनी काही प्रमाणात भरून निघेल, अशी आशा धरता येते. कुळे वेगळी असतील, तर कोकणचा एखादा किनारा ओस पडला की तो पिढ्यान्‌पिढ्या ओसच राहील. या प्रश्नाचे उत्तर त्या धातूच्या पट्टीत नाही. पट्टी प्रवास सांगते. वंश सांगत नाही. वंश सांगणारे शास्त्र निराळे आहे. त्याला समूह-जनुकशास्त्र म्हणतात. एकेका जिवाऐवजी जिवांच्या संपूर्ण समूहात जनुकांचे वाटप कसे झाले आहे, ते कसे बदलत गेले आणि कोणत्या समूहाचा कोणत्या समूहाशी शरीरसंबंध घडतो, याचा शोध हे शास्त्र घेते.

आईकडून चालणारे गोत्र

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला गेलेल्या अनेक कुटुंबांनी तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहिल्या असतील. गाव आणि आडनाव सांगितले की उपाध्ये वही उघडतात आणि पणजोबांची, खापरपणजोबांची नावे वाचून दाखवितात. प्रत्येक सजीवाच्या पेशीतही अशीच एक वही असते. फरक एवढाच की, ती चार अक्षरांत लिहिलेली असते आणि पिढ्यान्‌पिढ्या तिची नक्कल होत जाते. नक्कल करताना क्वचित एखादे अक्षर चुकते. ती चूक पुढच्या सर्व वारसांच्या वहीत तशीच उतरते. म्हणून दोन जिवांच्या वहीत समान चुका सापडल्या, तर त्यांचा पूर्वज समान. आणि चुकांत जितकी तफावत अधिक, तितका त्यांचा वियोग जुना. या शास्त्राचे मर्म एवढेच आहे.

या वहीचे दोन भाग विशेष उपयोगाचे आहेत. पहिला भाग तंतुकणिकेत, म्हणजे मायटोकाँड्रियात असतो. आपल्याकडे गोत्र पित्याकडून चालते; तंतुकणिकेतील डीएनए मात्र केवळ मातेकडून चालतो. मुलाला तो मिळतो, पण पुढे देता येत नाही. म्हणून मादी कोठे जन्मली आणि कोठे अंडी घालते, हे शोधायचे तर हा भाग वाचावा लागतो. दुसरा भाग पेशीच्या केंद्रकात असतो आणि तो माता व पिता या दोघांकडून येतो. त्यात काही ठिकाणी तीच दोन-चार अक्षरे पुनःपुन्हा लिहिलेली असतात आणि त्या पुनरावृत्तीची लांबी प्रत्येक जिवात वेगळी असते. न्यायालयात पितृत्व सिद्ध करताना हाच भाग पाहिला जातो. नर कोठून येतात, दोन समूह आपसांत मिसळतात की नाही, समूहात एकूण विविधता किती उरली आहे, हे या भागावरून कळते.

समुद्रात या वहीचे मोल जमिनीपेक्षाही अधिक. वाघाचे जंगल नकाशावर दाखविता येते, हत्तीची वाट डोळ्यांनी दिसते. समुद्राला कुंपण नाही. वरून पाहता सारे पाणी एक आणि त्यातील सारे जीव मोकळे. या मोकळेपणाच्या आड किती अदृश्य भिंती आहेत, हे जनुकांनी दाखवून दिले.

जन्मभूमीची ओढ

समुद्री कासवी जेथे जन्मली त्याच किनाऱ्यावर अंडी घालण्यासाठी परत येते, असे कोळी बांधव पूर्वापार सांगत आले. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ आर्ची कार यांनीही हेच अनुमान मांडले होते. पण ते सिद्ध कसे करावे? बोटभर लांबीच्या पिल्लाला लावलेली खूण त्याची वाढ होईतो टिकत नाही आणि वयात येण्यास त्याला दहा-वीस वर्षे, काही जातींत त्याहूनही अधिक काळ लागतो. शिवाय दुसरी एक शक्यता होती. तरुण मादी एखाद्या अनुभवी मादीच्या मागोमाग नव्या किनाऱ्यावर जात असेल आणि मग त्यालाच आपला मानत असेल. १९९० मध्ये मेलन, बोवेन आणि एव्हिस या संशोधकांनी फ्लोरिडा, कोस्टारिका इत्यादी ठिकाणच्या हरित कासवांचा मातृवंशीय डीएनए तपासून या वादाचा निकाल लावला. मागोमाग जाण्याची कल्पना खरी असती, तर एकाच चराऊ पाण्यात वावरणाऱ्या माद्यांची सरमिसळ होऊन सर्व किनाऱ्यांवर सारखेच मातृवंश दिसले असते. तसे दिसले नाही. किनारा बदलला की मातृवंशही बदलत होता. मादी खरोखरच माहेरी परतत होती.

याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. एका किनाऱ्यावरच्या माद्या मारल्या गेल्या, तर शेजारच्या किनाऱ्यावरच्या लेकी तिकडे सहजासहजी येऊन वस्ती करणार नाहीत. मेक्सिकोच्या आखातातील केम्प्स रिडले या जातीचा अनुभव बोलका आहे. तिचा मुख्य विणीचा किनारा एकच, मेक्सिकोतील रांचो नुएवो. तेथे संकट आले तर दुसरा किनारा असावा, म्हणून १९७८ ते १९८८ या काळात तेथील अंडी अमेरिकेतील टेक्सासच्या पाद्रे बेटावर नेण्यात आली. पिल्लांना त्या वाळूची ओळख व्हावी म्हणून अंडी तेथील वाळूत ठेवली गेली, पिल्लांना त्या किनाऱ्यावरून चालविले गेले आणि काही महिने वाढवून मग समुद्रात सोडले गेले. त्यांतील माद्या परत येऊन अंडी घालताना प्रथम आढळल्या त्या १९९६ मध्ये. म्हणजे अठरा वर्षांनी! एक किनारा गमावण्यास दोन-चार हंगाम पुरतात; तो नव्याने वसविण्यास माणसाची एक पिढी खर्ची पडते.

ओडिशाचा पुरावा

आता भारताकडे वळू. ओडिशातील गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे ऑलिव्ह रिडले कासवे लाखोंच्या संख्येने एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. अशी सामूहिक वीण जगात मोजक्याच ठिकाणी होते. त्याच किनाऱ्यावर ट्रॉलरच्या जाळ्यांत गुदमरून मेलेल्या कासवांचा खचही पडतो. कासव फुप्फुसांनी श्वास घेते. जाळ्यात अडकून त्याला वेळेवर पृष्ठभागावर येता आले नाही, तर ते बुडून मरते. दहा वर्षांत एक लाखाहून अधिक मृत कासवे ओडिशात मोजली गेली, अशी नोंद २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधात आहे.

तो निबंध कार्तिक शंकर आणि सहकाऱ्यांचा. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्राचे (सीसीएमबी) संशोधक त्यात सहभागी होते आणि भारतात डीएनए ठशांचे तंत्र रुजविणारे डॉ. लालजी सिंग हेही त्याचे एक लेखक होते. पूर्व किनाऱ्यावरील कासवांचा मातृवंशीय डीएनए वाचल्यावर तीन गोष्टी पुढे आल्या. पहिली, पूर्व किनाऱ्यावरील कासवांचा समूह एकसंध आहे. दुसरी, या समूहातील सुमारे ९६ टक्के कासवे अशा एका शाखेची आहेत, जिचे जनुकीय नमुने अन्यत्रच्या समूहांत आढळले नाहीत. शेजारच्या श्रीलंकेतील समूहाहूनही हा समूह वेगळा निघाला. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. जगभरच्या महासागरांत आज जी ऑलिव्ह रिडले कासवे आहेत, त्यांचे मूळ हिंदी महासागरातील याच शाखांकडे जाते, असा निष्कर्ष त्या पुराव्यावरून निघतो.

ऑलिव्ह रिडले ही जगात विपुल असलेली जात. त्यामुळे तिच्याकडे तुलनेने दुर्लक्ष झाले. केम्प्स रिडले ही स्वतंत्र प्रजाती म्हणून नोंदलेली, संख्येने अल्प. म्हणून तिच्यासाठी निधी आणि यंत्रणा उभ्या राहिल्या. शंकर आणि सहकाऱ्यांचे म्हणणे असे की, रक्षणाचा अग्रक्रम केवळ प्रजातीच्या नावावरून ठरविणे बरोबर नाही. सामान्य समजल्या गेलेल्या जातीच्या पोटात एखादी प्राचीन शाखा असू शकते. ती गेली, तर नाव यादीत शिल्लक राहील, पण मूळ खोड तुटलेले असेल. प्रजाती वाचली म्हणजे वंश वाचला, असे समजणे ही मोठी भूल आहे.

हंपबॅक: अरबी समुद्राचा रहिवासी

याच सूत्राचे दुसरे उदाहरण कोकणाच्या आणि गोव्याच्या समोरच्या पाण्यातच आहे. हंपबॅक हा पाठीला बाक देऊन बुडी मारणारा, गाणारा देवमासा. देवमासा म्हणतात खरे, पण तो मासा नव्हे, सस्तन प्राणी आहे. जगातील बहुतेक हंपबॅक उन्हाळ्यात ध्रुवाकडच्या थंड पाण्यात चरतात आणि विणीसाठी हजारो किलोमीटर प्रवास करून उष्ण कटिबंधात येतात. अरबी समुद्रातील हंपबॅक याला अपवाद आहेत. ते येथेच चरतात आणि येथेच वितात. त्यांचे अन्न येते ते मोसमी वाऱ्यांमुळे. जो नैऋत्य मोसमी वारा कोकणात पाऊस आणतो, तोच ओमानच्या किनाऱ्यावरील पाणी दूर लोटतो. मग खालचे थंड, पोषक पाणी वर येते आणि त्यावर सूक्ष्म जीव व मासे पोसले जातात. ध्रुवाकडे जाण्याची गरज त्यांना उरत नाही.

या देवमाशांची वही वाचण्यासाठी शास्त्रज्ञ त्यांना मारत नाहीत. लहान होडीतून आडव्या धनुष्याने एक पोकळ टोकाचा बाण सोडला जातो. तो कातडीचा बोटाच्या पेराएवढाही नसलेला तुकडा घेऊन पाण्यावर तरंगतो. अरबी समुद्रातील हंपबॅकच्या अशा ६७ नमुन्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. दक्षिण गोलार्धातील आणि उत्तर प्रशांत महासागरातील समूहांशी तुलना करून संशोधकांनी सांगितले की, हा समूह मूळचा दक्षिण हिंदी महासागरातून आलेला असला, तरी सुमारे ७० हजार वर्षे तो इतरांपासून वेगळा पडला आहे आणि हंपबॅकचा जगातील सर्वांत एकाकी समूह बहुधा हाच आहे.

खुल्या समुद्रात ७० हजार वर्षे ही भिंत कशी टिकली? उत्तर पंचांगात आहे. अरबी समुद्रातील हंपबॅक उत्तर गोलार्धाच्या ऋतुचक्राप्रमाणे आपल्याकडच्या हिवाळ्यात वितात. विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील हंपबॅक सहा महिन्यांच्या अंतराने, त्यांच्याकडच्या हिवाळ्यात वितात. एकाचा लग्नाचा मुहूर्त तो दुसऱ्याचा चातुर्मास! ही भिंत पाण्याची नाही, काळाची आहे.

त्याच नमुन्यांत एक अशुभ खूणही सापडली. जनुकीय विविधता दक्षिणेकडील समूहांहून बरीच कमी होती आणि संख्या कधी काळी अगदी रोडावल्याच्या खुणा होत्या. काही प्राचीन, काही अलीकडच्या. साथीत उजाड झालेले एखादे गाव उरलेल्या दोन-चार घरांतून पुन्हा वसले, तर त्या गावात आडनावे मोजकीच राहतात. माणसे वाढली तरी आडनावे वाढत नाहीत. तसेच हे. अलीकडच्या काळातील एक संहार तर कागदोपत्री नोंदलेला आहे. १९६५ आणि १९६६ मध्ये सोव्हिएत शिकारी जहाजांनी अरबी समुद्रात बेकायदेशीरपणे २४२ हंपबॅक मारले. जगापासून दडविलेली ही नोंद सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर, १९९० च्या दशकात उघड झाली. ओमानच्या किनाऱ्यालगत २००० ते २००४ या काळात घेतलेल्या छायाचित्रांवरून तेथील समूहाचा अंदाज केला गेला, तो केवळ ८२ देवमाशांचा.

हे देवमासे ओमानचेच असे मात्र नाही. २०१७ च्या अखेरीस ओमानच्या समुद्रात उपग्रह-यंत्र बसविलेली ‘लुबान’ नावाची मादी अरबी समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्याशी आली, दक्षिणेकडे गेली आणि पुढे ओमानकडे परतली. गोव्याच्या किनाऱ्यालगत पाण्याखाली ठेवलेल्या ध्वनिग्राहकांनी हंपबॅकचे गाणेही टिपले आहे. म्हणजे हा प्राणी दोन्ही काठांचा रहिवासी आहे. एका काठाने जपावे आणि दुसऱ्या काठाच्या जाळ्यांनी व जहाजांनी मारावे, असे झाले तर जपणूक व्यर्थ होईल.

प्रवास आणि वंश

आता पुन्हा गुहागरच्या मादीकडे येऊ. ती एकटी नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये गुहागरलाच उपग्रह-यंत्र बसवून सोडलेली ‘बागेश्री’ नावाची मादी श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात पोहोचली होती. दोन्ही किनाऱ्यांमध्ये ये-जा आहे, हे या दोन प्रवासांनी सिद्ध केले. पण ये-जा आहे म्हणून वंश एक, हा निष्कर्ष घाईचा ठरेल. लुबान हजारो किलोमीटर हिंडली. तरी तिचा समूह ७० हजार वर्षे इतरांत मिसळलेला नाही. उलट टोकही तितकेच खरे आहे. सिवॉल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९३० च्या दशकातच गणिताने दाखविले होते की, दर पिढीला अवघा एखाददुसरा जीव एका समूहातून दुसऱ्यात जाऊन संतती ठेवत असेल, तर ते दोन समूह जनुकीयदृष्ट्या एकमेकांपासून फारसे दुरावत नाहीत. म्हणून प्रश्न ‘किती आल्या’ हा नसून ‘आलेल्यांच्या लेकी कोठे परतल्या’ हा आहे. गुहागरहून समुद्रात गेलेल्या त्या १०७ पिल्लांतील माद्या मोठ्या होऊन कोठे येतील? उत्तर पट्टी देणार नाही. त्यांच्या रक्तातील मातृवंश देईल.

केवळ पिल्लांची संख्या मोजूनही भागत नाही. कोस्टारिकात ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचे पितृत्व तपासले गेले आणि निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. सामूहिक विणीच्या किनाऱ्यावर ९२ टक्के घरट्यांत एकाहून अधिक नरांची संतती होती. माद्या जेथे एकेकट्या येतात त्या किनाऱ्यावर असे प्रमाण ३० टक्केच निघाले. कोकणातही माद्या एकेकट्या येतात. कोस्टारिकाचे आकडे येथे जसेच्या तसे लावता येणार नाहीत, परंतु इशारा स्पष्ट आहे. जेथे कासवे विरळ, तेथे प्रत्येक नर आणि प्रत्येक मादी अधिक मोलाची. त्यात वाळूचे तापमान वाढले की अंड्यांतून माद्याच अधिक निपजतात. नर घटले तर पिल्लांची गर्दी दिसेल, पण वहीतील आडनावे कमी होत जातील.

कर्तव्याचा भाग

हे सारे जाणून करायचे काय? पहिली गोष्ट, प्रत्येक किनारा स्वतंत्र ठेव म्हणून जपणे. २००२ मध्ये मंडणगड तालुक्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने ग्रामस्थांच्या साहाय्याने कासवांची घरटी राखण्यास आरंभ केला आणि पुढे हे काम कोकणातील अनेक गावांनी उचलले. एकेकाळी ज्या गावांत अंडी खाल्ली जात, तेथे आज तरुण रात्री किनाऱ्यावर पहारा देतात. ‘ओडिशात लाखो कासवे आहेत, मग येथल्या शेकड्यांची काय मातब्बरी’ असा प्रश्न त्यांना कोणी केला, तर उत्तर जनुकशास्त्राने दिलेले आहे: दूरच्या लाखांनी जवळचे शेकडे भरून निघतीलच, असे नाही.

दुसरी गोष्ट, जाळ्यांची. ट्रॉलरच्या जाळ्यात ‘टेड’ नावाची लोखंडी जाळी बसविली की कोळंबी आत राहते आणि कासव वरच्या वा खालच्या दाराने निसटते. २०१९ मध्ये अमेरिकेने भारताच्या समुद्रात पकडलेल्या कोळंबीची आयात थांबविली, ती या साधनाच्या अभावाकडे बोट दाखवूनच. ज्याच्या पोटाचा प्रश्न त्या जाळ्यावर अवलंबून आहे, त्या मच्छीमाराला दोषी ठरवून हे काम होणार नाही. साधन त्याच्या परवडीत आणून, त्याच्या अडचणी ऐकून आणि त्याला या राखणीत भागीदार करूनच ते होईल.

तिसरी गोष्ट सर्वांत साधी आणि सर्वांत दुर्लक्षित. किनाऱ्याला लागलेले प्रत्येक मृत कासव, वाहून आलेला प्रत्येक देवमासा हे त्या वहीचे एक पान आहे. ते पुरण्यापूर्वी वनविभागाला कळविले आणि अधिकृतपणे नखाएवढा तुकडा काढून मद्यार्कात ठेवला गेला, तर ते पान वाचता येते. न कळविता पुरले, तर पान कायमचे मिटते.

गुहागरच्या त्या रात्री काय घडले, ते शेवटी आठवावे. ओडिशात एका शास्त्रज्ञाने चार वर्षांपूर्वी एक क्रमांक बसविला. कोकणात किनारा राखणाऱ्या माणसांनी वाळूत वाकून तो वाचला, लिहून घेतला आणि योग्य ठिकाणी कळविला. दोन किनारे जोडले गेले ते या वाकण्यामुळे. तो क्रमांक वाचणारे कोणी नसते, तर ती मादी अंडी घालून आली तशी परत गेली असती आणि देशाच्या ज्ञानात एका ओळीचीही भर पडली नसती. समुद्राची वंशावळ पाण्यात लिहिलेली आहे. ती वाचणारी माणसे मात्र किनाऱ्यावर हवीत.